धारनाकाची काठी

मी एक जुना वीरगळ आहे आणि मी रागावलेलो आहे. दगडाला राग येत नाही असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल, तर मित्रांनो, पुस्तकात बऱ्याच गोष्टी चुकीच्या छापलेल्या असतात. त्यातली एक चूक कशी छापली गेली, ते मी स्वतः पाहिलं आहे. तेवढंच सांगायला आज तोंड उघडतो आहे, नाहीतर बोलायची मला फारशी हौस नाही.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. गगनबावड्याकडच्या डोंगरात मांडवकडा नावाचं गाव आहे. कड्याच्या काठाला धरून बसलेली साठ-सत्तर घरं, मागे देवराई, समोर खाली उतरत गेलेलं कोकण. पावसाळ्यात तर धुक्याने दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. घाटातून वर येणारी वाट जिथे गावात वळते, तिथे जांभळीखाली मी उभा आहे. उंची कमरेइतकी, अंग काळं, माथ्यावर चंद्र आणि सूर्य.

मला कुणासाठी घडवलं ते आधी सांगतो. फार जुन्या काळी कोकणातून घाट चढून लुटारू आले. गावाची सगळी गुरं तेव्हा कड्याकडच्या रानात चरत होती. धारनाक हा गावचा येसकर. वेशीची राखण करणं हे त्याचं काम आणि त्याचं घर मात्र वेशीबाहेर, महारवाड्यात. येसकराच्या हातात घुंगरं बांधलेली काठी असायची. ती काठी घेऊन तो खिंडीत आडवा उभा राहिला. गुरं आणि गुराखी घरी पोचेपर्यंत त्याने खिंड सोडली नाही. गुरं पोचली, गुराखी पोचले, धारनाक पोचला नाही. त्याचा कुत्रा तीन दिवस त्याच्या अंगावरची माशी उडवत बसला होता म्हणे.

गाव हलून गेलं. तेव्हाच्या पाटलाने स्वतः पाथरवट आणला. पाथरवटाने विचारलं, वीराच्या हातात तलवार देऊ की भाला? पाटील म्हणाला, काठी होती तर काठीच दे, उगाच नटवू नकोस. म्हणून माझ्या अंगावर काठी उगारलेला माणूस आहे, म्हणजे होता. त्याच्या मागे पाच गाई, समोर तीन घोडेस्वार, पायाशी कुत्रा. काठीच्या टोकाला पाच घुंगरं, प्रत्येक घुंगरू ज्वारीच्या दाण्याएवढं. ती कोरताना पाथरवटाने श्वास रोखून धरला होता.

तेव्हापासून गावात एक रीत पडली. बेंदराच्या दिवशी सजवलेले बैल वाजतगाजत यायचे आणि माझ्यापाशी थांबायचे. येसकराच्या घरची बाई पुढे होऊन माझ्या पायावर तांब्याभर पाणी ओतायची. ते पाणी पडल्याशिवाय पाटलाचा बैलसुद्धा वेशीत पाऊल टाकत नसे. त्या दिवशी तिचा मान पहिला. आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई पाटलाच्या दारात पदर पसरून, लांब उभी राहून भाकरी मागायची. वर्षातला एक दिवस मान आणि बाकीचे सगळे दिवस वेशीबाहेर. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगतो, मलाही वाटत नव्हतं. दगड असण्याचा हा एक तोटा आहे.

मग छप्पन साल आलं. नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी आमच्या वाड्यानेही बुद्धाची वाट धरली. तेव्हाचा येसकर होता बाबासो. त्याने गावाला सांगून टाकलं की आजपासून येसकरकी बंद, भाकरी मागणं बंद. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती घुंगराची काठी त्याने मोडली आणि चुलीत घातली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या काठीने त्याला काय दिलं होतं, ते मी रोज बघत होतोच की. मात्र त्या दिवसापासून गावात धारनाकाची काठी एकच उरली. ती माझ्या अंगावर होती.

त्या बेंदराला माझ्या पायावर पाणी पडलं नाही. पाटलाचा बैल सरळ आत गेला. पुढे माझ्याकडे कुणी फिरकेना. शेवाळ चढलं, मुंग्यांनी वारूळ केलं, एका भाद्रपदात तर जांभळीची फांदी माझ्यावर पडली आणि दोन वर्षं तशीच राहिली. येत होती ती एकटी शेवंताबाई, बाबासोची बायको. पाणी घालायला नव्हे. रानातून लाकडाची मोळी आणताना माझ्यापाशी टेकायची, मोळी माझ्या माथ्याला लावून ठेवायची आणि पदराने तोंड पुसत माझ्याशी बोलायची.

"तुला हात जोडनार न्हाय बरं का," ती म्हणायची. "द्येव सोडलं आमी. पन तू कुटं द्येव हाईस? तू आमच्या घरचं म्हातारं हाईस."

मित्रांनो, मला पुष्कळ शेंदूर फासला गेला, हार पडले, नारळ फुटले. पण घरचं म्हातारं असं मला दुसऱ्या कुणी म्हटलं नाही.

सहासष्ट साली त्र्यंबक गुरुजी आले. कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्याचे, अंगाने काटकुळे, इतिहासाचं भारी वेड. गावात एसटी येत नव्हती, म्हणून दोन कोस चालत आले आणि शाळेत जायच्या आधी माझ्यापाशीच थांबले. हातातली ट्रंक खाली ठेवली, माझ्यावरची फांदी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी नारळाची शेंडी आणि बादलीभर पाणी घेऊन आले आणि मला आंघोळ घातली. शेवाळ निघालं, तशी एकेक गाय उजेडात आली. गुरुजी लहान पोरासारखे हरखले. त्यांनी वही काढली आणि लिहू लागले.

शेवंताबाई मोळी घेऊन आली ती बघत उभी राहिली. गुरुजी पुटपुटत होते, "पायाशी वासरू."

"वासरू न्हवं त्ये, कुत्रं हाय," शेवंताबाई म्हणाली. "शेपूट बगा की, गुरुजी. वासराचं आसं वर आसतंय व्हय?"

गुरुजींनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग तिला म्हणाले, "बसा. तुम्हाला ठाऊक आहे ते सगळं सांगा."

कुणी तिला असं बसा म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती बसली आणि बोलली. खिंड, घोडेस्वार, कुत्रा, काठी, सगळं सांगितलं. तिच्या सासूला तिच्या सासूने सांगितलेलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. गुरुजींनी तीन दुपारी बसून लिहून घेतलं. शेवटी शेवंताबाईने विचारलं, "ह्ये बुकात येनार का वो? त्येच्या नावानिशी?"

"येणार," गुरुजी म्हणाले. "मी छापून आणीन. त्याचं नाव आणि सांगणाऱ्याचं म्हणून तुमचंही."

"माजं ऱ्हाऊ द्या. त्येचं तेवडं घाला."

पुढची सात-आठ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. दर शनिवारी गुरुजी पोरांना माझ्यासमोर बसवून धारनाकाची गोष्ट सांगत. वाड्यातली पोरं आणि गावातली पोरं एकाच ओळीत बसत. पोरं घुंगरं मोजायची, बोटाने चाचपायची, पाचच आहेत ना याची खात्री करायची. गुरुजींची म्हातारी आई कसबा बावड्याला एकटी होती. तिला सगळे माई म्हणत. माईची पत्रं आली की गुरुजी माझ्या सावलीला बसून वाचत आणि बराच वेळ कड्याकडे बघत राहत. प्रत्येक पत्रात एकच विचारणा असायची, बदली कधी होणार? मी गुरुजींना आपलं मानत होतो. माझी चूक झाली ती इथेच.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून गावोगावी उत्सव चालले होते. आमचे सरपंच हंबीरराव, त्याच पाटलांच्या घरातले. माणूस दिलदार होता, उगाच कशाला खोटं बोलू? शाळेला कौलं त्यांनीच दिली होती. एक दिवस ते गुरुजींना घेऊन माझ्यापाशी आले.

"गुरुजी, समद्या गावांचं मावळं निगायला लागल्यात," ते म्हणाले. "आमच्या गावाला कोन न्हाईच व्हय? कोल्लापुरास्नं सायेब येनार हायती. गावाचं बुक काडायचं, हितं फलक लावायचा."

"आहे की आपला वीर," गुरुजी म्हणाले. "धारनाक आहे."

"त्यो हाय वो. पन सायबाम्होरं काय सांगायचं, काठी घिऊन लडला? आनि आमचं मानाजीराव कुटं गेलं? आमच्या आज्यानं सांगितलंय, मानाजीराव बी लडायला हुतं त्या वक्ताला."

"मानाजीरावांचा काही पुरावा नाही, हंबीरराव."

"तुमी लिवाल त्यो पुरावा," हंबीरराव हसून म्हणाले. मग गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून आवाज उतरवला. "माईंस्नी एकटं ठेवनं बरं न्हवं, गुरुजी. सायेब आलं की तुमच्या बदलीचं कानावर घालतो मी. कसबा बावड्यातच बसवतो तुमास्नी, बगा."

गुरुजी नाही म्हणाले नाहीत, हे मी ऐकलं. त्या आठवड्यात ते तीनदा माझ्यापाशी येऊन बसले. वही मांडीवर असायची, उघडत नव्हते. चौथ्यांदा आले तेव्हा त्यांच्यासोबत कागलहून बोलावलेला पाथरवट होता, दादासो नावाचा. माझ्याभोवती तरट बांधून आडोसा केला. गावाला सांगितलं, दगड दुरुस्त करतोय.

दादासोने माझ्यावरून तळवा फिरवला आणि थांबला. "गुरुजी, लई जुनं काम हाय. हात लावू ने असं वाटतंय बगा."

"थोडं सुधारायचं आहे फक्त," गुरुजी म्हणाले. ते कड्याकडे तोंड करून उभे होते.

काठीची तलवार करायला फार कष्ट पडत नाहीत, मित्रांनो. घुंगरं छाटायची, टोक निमुळतं करायचं आणि मुठीपाशी एक आडवी रेघ मारायची. एक सकाळ पुरली. छिन्नी लागते तेव्हा दगडाला दुखतं का, ते विचारू नका. माझं दुखणं छिन्नीचं नव्हतं. ज्या माणसाने मला धुतलं होतं, त्याच माणसाने पाथरवटाला, अजून एक राहिलंय, असं म्हणून पाचवं घुंगरू बोटाने दाखवलं. त्याशिवाय ते पाथरवटाला दिसलं नसतं. मग मला ऑइलपेंट दिला. अंग काळं चकचकीत, फेटा भगवा, तलवार चंदेरी. उत्सवात उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यासारखा मी दिसत असणार.

कार्यक्रम मार्गशीर्षात झाला. मांडव पडला, हलगी वाजली, साहेबांची जीप धूळ उडवत आली. माझ्यावर भगवं कापड टाकलेलं होतं. गावाच्या पुस्तकातला उतारा म्हणून दाखवायला गुरुजींनी गौतमीला निवडलं होतं. गौतमी म्हणजे शेवंताबाईची नात, चौथीत शिकणारी, आवाज एकदम खणखणीत. तालमी शाळेतच झाल्या, तिथलं मला पोरांच्या बोलण्यातून नंतर कळलं. तिने गुरुजींना विचारलंसुद्धा होतं, "गुरुजी, ह्यात धारनाक कुटं हाय?" गुरुजी म्हणाले होते, "छापलंय तेवढंच म्हणायचं." छापलेलं खोटं असतं हे त्या पोरीला कसं ठाऊक असणार? घरी ती म्हणून दाखवायला लागली, तर शेवंताबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ता नगं. समद्यांम्होरं ऐकीन मी." नातीला दृष्ट लागू नये म्हणून म्हातारीने मीठमिरची ओवाळून टाकली तेवढी.

शेवंताबाई नवं लुगडं नेसून आली होती. वाड्यातल्या झाडून सगळ्यांना तिने आणलं होतं. बायकांच्या घोळक्यात मागे न बसता ती पुढे येऊन बसली, अगदी माझ्या समोर.

साहेबांनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे किलकिले केले. तिला वाटलं असेल, उन्हामुळे नीट दिसत नाही. मग गौतमी माझ्या शेजारी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "या खिंडीत शूर सरदार मानाजीराव पाटील हातात तळपती तलवार घेऊन एकटे उभे राहिले. त्यांच्या पायाशी कोरलेला सिंह हे त्यांच्या पराक्रमाचं प्रतीक होय."

कुत्र्याचा सिंह झाला होता. टाळ्या थांबेनात. साहेबांनी गौतमीला जवळ घेऊन बक्षीस म्हणून फाउंटन पेन दिलं. पोर धावत आजीकडे गेली आणि पेन दाखवू लागली. शेवंताबाईने तिला पोटाशी धरलं. तिला रागावली नाही, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. पण तिचं तोंड मला दिसत होतं. आपल्या पूर्वजाची गोष्ट आपल्याच नातीच्या तोंडून कुणी काढून नेली, तर माणसाचं तोंड कसं होतं, ते मी पाहिलं आहे.

मांडव उठल्यावर तिने गुरुजींना माझ्यापाशीच गाठलं.

"गुरुजी, माजं नाव नगं म्हनलं हुतं मी. त्येचं कशापायी पुसलं?"

गुरुजी चष्मा पुसत राहिले. "शेवंताबाई, समजून घ्या. माझी आई तिकडे एकटी आहे. तिला कुणी नाही हो."

"तिला तुमी हाय की," शेवंताबाई म्हणाली. "त्येला कोन हुतं आमच्याबिगर?"

गुरुजी खाली मान घालून निघून गेले. शेवंताबाई माझ्याकडे वळली. तिने बोट लावून ती चंदेरी तलवार चाचपली, वरपासून खालपर्यंत. रंग बोटाला लागला, तो तिने जांभळीच्या खोडाला पुसला. मला ओरडून सांगायचं होतं की मी काही केलं नाही, मला धरून केलं. ती एवढंच म्हणाली, "तुला मी वळखत न्हाय बाबा." आणि गेली.

जूनमध्ये गुरुजींची बदली झाली, कसबा बावड्याला. तीच ट्रंक घेऊन माझ्यासमोरून गेले. थांबले नाहीत. माईचे शेवटचे दिवस बरे गेले असतील, जावेतच. तिच्याशी माझं भांडण नाही.

शेवंताबाई पुढे सात वर्षं जगली. रानातून मोळी ती आणतच होती, पण माझी वाट तिने सोडली. ओढ्यातून, निसरड्या दगडांवरून, लांबचा फेरा घालून जायची. पावसाळ्यात एकदा त्या ओढ्यात पडून तिचा हात मोडला, तरी माझ्यावरून आली नाही. आणि मला बघा, माझा काय थाट! बेंदराला आता सरपंचांच्या घरची सून माझ्या पायावर पाणी ओतते. दर दोन वर्षांनी नवा रंग मिळतो. एसटी गावापर्यंत येते, तिचा थांबासुद्धा मानाजीरावांच्या नावाचा. गावाने मला टाकलं होतं तेव्हा मी धारनाक होतो. आता गाव मला जपतं आणि मी कुणीच नाही.

शहाऐंशी साली एसटीतून एक तरुण बाई उतरली. खांद्याला पिशवी, पांढरी साडी, आवाज खणखणीत. आवाजावरून मी ओळखलं. गौतमी मास्तरीण होऊन आपल्याच शाळेवर आली होती. पहिल्याच शनिवारी तिने चौथीची पोरं माझ्यासमोर आणून बसवली. दहा-बारा वर्षं माझ्यासमोर अशी ओळ बसली नव्हती. माझ्या अंगात जीव आला.

"ह्या दगडावर कुणाची गोष्ट आहे?" तिने विचारलं.

"मानाजीराव पाटलांची!" सगळी पोरं एका सुरात.

"नाही," ती म्हणाली. "मीही लहानपणी इथेच उभी राहून तसंच म्हटलं होतं. ते चुकीचं होतं." आणि तिने धारनाकाची गोष्ट सांगितली. आजीने सांगितलेली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. खिंड सांगितली, कुत्रा सांगितला, पाच घुंगरांची काठी सांगितली. पोरं गप्प होऊन ऐकत होती. मग पुढच्या ओळीतली एक परकरी मुलगी उठली. चेहरा अगदी निर्मळ, खोडी काढायचा विचारसुद्धा नाही.

"पन बाई," ती म्हणाली, "हातात तलवार हाय की."

सगळी पोरं वाकून माझ्याकडे बघू लागली. "व्हय की बाई, तलवारच हाय." "काठी कुटं हाय बाई?" गौतमी पुढे झाली. रंगाचे थर चढून गुळगुळीत झालेल्या त्या जागेवर तिने हात ठेवला, घुंगरं शोधावीत तसा. तिथे काही लागलं नाही. हात तसाच ठेवून ती पोरांकडे वळली. पोरांचं काय चुकलं? डोळ्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. खोटी साक्ष मी देत होतो, भर दुपारी, तिच्या तोंडावर.

मित्रांनो, माझ्यासारखे दगड दिसले की त्यांना जपा, रंग फासू नका, छिन्नी लावू नका, हे मी सांगायला हवं आणि सांगतोही. पण माझं मागणं तेवढंच नाही. कधी मांडवकड्याला आलात तर मला हार घालू नका, पाणीही ओतू नका. शाळेत जा. तिथून गौतमीबाई दर शनिवारी पोरांना माझ्यासमोर आणून ती गोष्ट सांगतात, अजून सांगतात, आणि दर शनिवारी कुणीतरी पोर माझ्याकडे बोट दाखवून त्यांना गप्प करतं. तेव्हा माझ्याकडे बघू नका. ती सांगते त्यावर विश्वास ठेवा.